पंक्तिप्रपंच

माणसानं आपल्याला काय येतं हे चारचौघांत सांगू नये. पेटी वाजवता येते असं एकदा म्हणून बघा, पुढची वीस वर्षं गल्लीतल्या प्रत्येक भजनाला पेटी आपण होऊन तुमच्या मांडीपुढे येऊन बसते. पत्रिका पाहता येते म्हणालात, तर रविवारी दुपारी नेमका डोळा लागताना कुणा उपवर मुलीचा बाप दाराची कडी वाजवतो. मी एका लग्नाच्या पंगतीत, तिसऱ्या जिलबीच्या गुंगीत, "वेबसाइट काय, मीसुद्धा करीन," असं म्हणून गेलो. शेजारी आमच्या गल्लीतल्या धर्मशाळेचे अध्यक्ष जेवत होते. त्यांनी हातातला घास खाली ठेवला, माझ्याकडे कौतुकानं पाहिलं आणि वाढप्याला हाक मारून माझ्या पानात आणखी दोन जिलब्या वाढायला लावल्या. समोरच्या पंक्तीतला एक म्हातारा माझ्या पानाकडे टक लावून बघत राहिला. त्याच्या पानात एकच होती.

त्या म्हाताऱ्याची नजर मी तेव्हा जिलबीबरोबर गिळून टाकली. पण ती पचली नाही. पुढचं सगळं पुराण त्या अपचनाचं आहे.

आधी माझी लायकी सांगतो, म्हणजे गैरसमज नकोत. मी बी.कॉम. झालेला, बँकेतला कारकून. २००१ साली चिंचवडच्या एका क्लासात मी तीन महिने पीएचपी नावाची भाषा शिकलो. त्या काळी ज्याला संगणक येतो त्याला अमेरिकेत नोकरी मिळते अशी समजूत होती. मला आळंदीजवळच्या एका शाखेत मिळाली. पण विद्या कुठे जात नाही. ती सायकलसारखी असते. वीस वर्षांनी बसलात तरी पडता येतं.

आळंदीत राहणाऱ्याला कशाचंच फारसं आश्चर्य वाटत नाही. पहाटे काकड्याचे टाळ थांबतात न थांबतात तोच चाकणच्या कंपनीच्या बसचा हॉर्न वाजतो. एकाच गल्लीत एका दारात हरिपाठ चालू असतो आणि समोरच्या मंगल कार्यालयात बँडवाला त्याच्यावर कुरघोडी करत असतो. लग्नसराईत तर कार्यालयं इतकी खेटून, की वऱ्हाडी आहेर एका लग्नात करतात आणि जेवतात दुसऱ्यात. अशा गावात धर्मशाळेची वेबसाइट निघाली तर नवल ते काय?

धर्मशाळेचं नाव सांगत नाही, कारण तिचं खातं आमच्याच शाखेत आहे. जुनी वास्तू, दगडी जोतं, वर पत्रा. तिथली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी स्मरणार्थ आहे. बाकावर नाव, माठाच्या तिवईवर नाव, पायऱ्यांच्या फरशीवर नाव. पंख्याच्या तीन पात्यांवर 'कैलासवासी', मग नाव, मग 'यांच्या स्मरणार्थ' असं रंगवलेलं आहे. पंखा लावला की देणगीदार दिसेनासा होतो आणि पंखा बंद ठेवला की उकाड्यानं पाहुणे दिसेनासे होतात. हा तिढा विश्वस्तांना कित्येक वर्षं सुटला नव्हता. वेबसाइट हा त्यावरचा तोडगा. तिच्यावर सगळ्या देणगीदारांची नावं ओळीनं येणार, नावावर बोट दाबलं की त्या देणगीचं पान उघडणार. वारा नाही, धूळ नाही, पुसायची भीती नाही.

जुन्या पावतीपुस्तकांचे गठ्ठे माझ्या घरी आले. रोज रात्री जेवण झाल्यावर मी पावत्या बघून नोंदी करायचो: क्रमांक, तारीख, नाव, रक्कम. आमची ही म्हणाली, "दिवसभर बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजता, रात्री घरी आणून मोजता. आपले कधी मोजायचे?" मी म्हटलं, "त्याला वेळ लागत नाही." दोनशे शहाऐंशी नावं झाली. त्यात 'एक भाविक' या नावाचे तेवीस.

आता ही नावं पडद्यावर कशी उमटतात ते सांगणं भाग आहे. घाबरू नका, पंगतीपलीकडचं त्यात काही नाही. दोनशे शहाऐंशी नावं कुणी हातानं लिहीत बसत नाही. पीएचपी हा वाढपी. त्याला एकदाच सांगायचं: पहिल्या पानापासून सुरुवात कर, प्रत्येकाला एक नाव, एक दुवा वाढ, शेवटचं पान आलं की थांब. तो बिचारा बादली घेऊन निघतो आणि सगळ्यांना सारखं वाढत जातो. त्याला ओळखपाळख नाही. दुसरी एक सीएसएस नावाची बाई असते, ती पोशाखाचं बघते. दुव्यांचा रंग कुठला, अक्षर केवढं, खाली रेघ असावी की नसावी, हे तिचं खातं. ही सीएसएस मूळ नॉर्वेच्या होकोन व्हियुम ली या गृहस्थांनी १९९४ साली सुचवली आणि १९९६ च्या डिसेंबरात ती रीतसर मान्य झाली. पीएचपीची जन्मकथा तर माझ्या फार आवडीची. रासमुस लेरडॉर्फ नावाच्या तरुणानं १९९४ साली आपला बायोडेटा इंटरनेटवर टांगला. तो किती जण बघतात हे मोजायला त्यानं काही छोटे प्रोग्रॅम लिहिले, त्यांतून पुढे ही भाषा झाली. म्हणजे जगातल्या लाखो वेबसाइटी जिच्यावर चालतात, त्या भाषेच्या मुळाशी 'मला कोण कोण बघतंय?' हा प्रश्न आहे. धर्मशाळेच्या कामाला याहून योग्य भाषा मिळाली नसती.

यादी लागली. अध्यक्षांनी ती डोळे भरून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच घरी आले. आळंदीच्या रीतीप्रमाणे ते सगळ्यांनाच माउली म्हणतात. मला माउली, चहावाल्याला माउली, वसुलीला आलेल्या माणसालासुद्धा माउली.

"माउली, सगळं झ्याक झालंय. पण माझं एकट्याचं नाव जांभळं का?"

मला हसू आवरेना. दुवा मुळात निळा असतो आणि तुम्ही एकदा त्या पानावर जाऊन आलात की तुमच्या यंत्रावर तो जांभळा होतो, ही जुनी प्रथा आहे. अध्यक्षांनी रात्रभरात दुसऱ्या कुणाच्याही नावावर बोट दाबलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ होता. तो मी त्यांना सांगितला नाही. "आपोआप होतं," म्हटलं.

"मग एक काम आपोआप नका करू," ते म्हणाले. पिंपरीच्या एका कारखानदारानं सभामंडपाला पाच लाख दिले होते. त्यांची इच्छा, निदान अध्यक्षांच्या मते त्यांची इच्छा, अशी की त्यांचं नाव यादीत भगवं दिसावं, थोडं ठळक. "एकच नाव हो. बाकीच्यांना हात नका लावू. अर्ध्या मिनिटाचं काम."

काम अर्ध्या मिनिटाचंच होतं, आणि तेच वाईट होतं. पापाला मेहनत पडत असती तर जग पुष्कळ सुधारलं असतं. आपल्या भाषेत या पापाला नेमका शब्द आहे: पंक्तिप्रपंच. एका पंक्तीत जेवायला बसलेल्यांत दुजाभाव करणं. लहानपणी ज्या मोजक्या गोष्टींसाठी आजीचा हात उठायचा त्यांतली ही एक. आणि तरी अशी पंगत मी पाहिलेली नाही, जिच्यात यजमानानं वाढप्याला डोळ्यानं खूण केली नाही. तूप वाढताना कुणाच्या पानावर हात सैल सुटतो, कुणाच्या पानावर आखडतो, हे सगळी पंगत बघत असते आणि सगळी पंगत बघितलं नाही असं दाखवत असते.

मी नाही म्हणायला हवं होतं. पण कारकुनाला एकदम नाही म्हणता येत नाही. तो आधी फॉर्म मागतो. मी म्हटलं, बघतो कसं जमतं.

पहिली युक्ती सोपी. कारखानदार यादीत सातवे होते. सीएसएसला सांगता येतं की ओळीतला सातवा जो असेल त्याला भगवं कर. केलं. दोन दिवस सुखात गेले. तिसऱ्या दिवशी 'अ'वरून नाव असलेल्या एकानं देणगी दिली, यादी अकारविल्हे, त्यामुळे सगळे एकेक पाट खाली सरकले, आणि भगवा रंग सातव्या पाटावर जसाच्या तसा बसून राहिला. त्या पाटावर आता कोपऱ्यावरचा चहावाला आला होता. त्याची देणगी एक्कावन्न रुपये. तो संध्याकाळी पेढे घेऊन घरी आला. "साहेब, आमच्यासारख्याचं कुणी एवढं करत नाही," म्हणाला आणि पाया पडायला वाकला. पेढा घशात अडकणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं.

जागेला दिलेला मान असा असतो. आमच्या शाखेत एक साहेब होते. ते आले की दारावरचा शिपाई ताडकन उठायचा. निवृत्तीनंतर पुढच्याच महिन्यात ते पासबुक भरायला आले, तेव्हा शिपाई बसूनच म्हणाला, "मशीन बंद आहे." साहेबांना फार लागलं. मला वाटतं, त्यांचा हिशेब चुकला होता. तो रोज उठायचा ते सातव्या पाटासाठी. साहेब मध्येच येऊन बसले होते.

दुसरी युक्ती नावाची. वाढप्यालाच बजावायचं की अमुक नावाचा माणूस आला की त्याच्या अंगावर भगवा शेला घाल. पण आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. कारखानदारांच्या नातवानंही पहिल्या पगारातून देणगी दिली होती, तीही नोंदवलेली. दोघंही भगवे झाले. आजोबांना नातवाचं कौतुक होतं, पण पाच लाख आणि पाचशे एक यांना एकच शेला मिळावा इतकं नव्हतं.

नावाचा भरवसा नसतो हे बँकेच्या माणसानं खरं तर विसरायलाच नको होतं. आमच्याकडे नाव ही नुसती शोभा, खरा तो खातेक्रमांक. म्हणून तिसरी युक्ती: पावतीचा क्रमांक. तो जगात एकाचाच. वाढपी दुवा वाढताना त्याच्यावर क्रमांकाचा बिल्ला लावतो, त्याला आयडी म्हणतात, आणि सीएसएस बिल्ला बघून रंग देते. या सीएसएसच्या राज्यातली उतरंड बघून तर मला शाखेतच बसल्यासारखं वाटलं. साधा नियम म्हणजे कारकून. त्याच्यावर क्लासचा नियम, तो अधिकारी. त्याच्यावर आयडी, तो शाखाधिकारी. कितीही अधिकारी एकत्र आले तरी शाखाधिकाऱ्याचंच चालतं. त्याच्यावर दुव्याच्या कपाळावरच लिहिलेला हुकूम, ती विभागीय कार्यालयाची चिठ्ठी. आणि सगळ्यांच्या डोक्यावर, उद्गारचिन्ह देऊन लिहायचा 'इंपॉर्टंट' हा एक शब्द. तो म्हणजे 'वरून फोन आलाय'. फोनपुढे चिठ्ठी, शाखाधिकारी, नियम, कुणी टिकत नाही. फक्त एकाच कामासाठी दोन ठिकाणांहून फोन आले, तर पुन्हा खालपासून मोजत बसावं लागतं, कुणाच्या मागे कोण आहे ते.

क्रमांकाची युक्ती अचूक बसली. एकच नाव भगवं झालं. आणि ते तसं झाल्यावर मला त्या जिलबीवाल्या म्हाताऱ्याची नजर आठवली. चूक होती तोवर दुरुस्तीच्या नादात प्रश्न टळत होता. काम बरोबर झाल्यावर तो समोर येऊन उभा राहिला: एकाच नियमानं, एकाच बादलीतून वाढलेल्यांत एकालाच वेगळं दाखवावं का?

मी अध्यक्षांकडे गेलो आणि भाषण केलं. म्हटलं, अहो, ही आळंदी. इथे लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, सगळ्यांच्या कपाळी एकच बुक्का. इथल्या यादीत एकाला भगवा आणि बाकीच्यांना निळा, हे शोभतं का?

अध्यक्ष शांतपणे ऐकून घेत होते. मग म्हणाले, "माउली, पालखीत दिंड्यांना नंबर असतात की नाही? रथापुढच्या सत्तावीस वेगळ्या आणि रथामागच्या वेगळ्या. आणि अश्व? हजारो माणसं पायी चालतात आणि एक अश्व नटूनथटून मध्ये. लोक त्याच्या टापेखालची माती कपाळी लावतात. तिथे नाही तुम्हाला दुजाभाव दिसत?"

मला उत्तर सुचलं नाही. घरी येताना सुचेल असं वाटलं, तेही झालं नाही. बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात अश्व नव्हता.

उत्तराचा अर्धा भाग दुसऱ्या दिवशी काउंटरवर मिळाला. एक आजोबा मुदतठेवीची पावती घेऊन आले आणि जादा व्याज लावलंय ना, हे तीनतीनदा तपासून गेले. ज्येष्ठ नागरिकांना बँका थोडं जास्त व्याज देतात. हा उघडउघड भेदभाव. पण रांगेतल्या एकाही तरुणानं आजवर त्याबद्दल तक्रार केलेली मला आठवत नाही. कारण म्हातारपण हे पक्वान्न आज ना उद्या सगळ्यांच्याच पानात वाढलं जाणार आहे. मला एक कसोटी सापडली. वेगळेपणाचा नियम लिहावा आणि त्यातलं विशेषनाम पुसून तो वाचून बघावा. तरी तो सगळ्यांना पटला तर न्याय, नाही पटला तर वशिला. 'पावती क्रमांक अमुक याला भगवा रंग द्यावा' यातला क्रमांक पुसला की खाली काहीच उरत नाही.

कसोटीच्या आनंदात मी अध्यक्षांना सुचवलं की एक लाखावरच्या सगळ्यांनाच भगवा देऊ, म्हणजे नियम झाला. अध्यक्ष म्हणाले, उत्तम. पंधरा दिवसांत नव्याण्णव हजारवाले रुसले. मग मर्यादा पन्नासवर आली, मग पंचवीसवर. एका विश्वस्तांच्या मेहुण्यासाठी ती अकरावर आली. दीडशेच्या वर नावं भगवी झाली, तेव्हा त्या कारखानदारांकडून निरोप आला की त्यांचं नाव आता निळं करता येईल का. ते उठून दिसलं असतं.

इथवर मी स्वतःला फार शहाणा समजत होतो. आता कबुलीजबाब.

एका रात्री वडिलांची जुनी पत्र्याची पेटी उघडली. वडील भोसरीच्या एका कारखान्यात कामाला होते. आषाढी वारीची रजा त्यांनी वर्षानुवर्षं साठवून काढली. पेटीत टाळांची जोडी, कामगार पास, आणि एका पोथीत घडी घातलेली पावती: आमच्याच धर्मशाळेची, १९८६ सालची, एकशे एक रुपयांची. १९८६ साली आमच्या घरात एकशे एक रुपये ही चैन नव्हती, तो किराणा होता. आणि पावतीवर नाव होतं, 'एक भाविक'.

पावतीचा क्रमांक मी यादीत शोधला. तेवीस 'एक भाविक' ओळीनं बसले होते. सारखी अक्षरं, सारखा निळा रंग. डोळ्यांनी वेगळा काढता येईल असा त्यांतला एकही नव्हता. मला मात्र येत होता, माझ्याजवळ क्रमांक होता. रात्रीचा दीड वाजला होता, घरात सगळी झोपली होती. मी एक ओळ लिहिली. तेवीस भाविकांतला एक भगवा झाला.

खरं सांगू? फार बरं वाटलं. माझी कसोटी, विशेषनाम, न्याय आणि वशिला, सगळं त्या पेटीत टाळांच्या खाली ठेवून मी तो एक दुवा बघत बसलो. भाषण देताना मला कारखानदाराचा राग आला होता. आता त्याचीही बाजू दिसू लागली. आपला माणूस गर्दीत हरवू नये, एवढंच त्यालाही वाटत असेल.

सकाळी आईला दाखवलं. तिला चष्मा आणून दिला, खुर्ची सरकवून दिली. म्हटलं, "आई, हे बाबा." तिनं बराच वेळ पडद्याकडे बघितलं. मला वाटलं, डोळ्यांत पाणी येणार.

"नाव घालू नका म्हणून त्या पावती फाडणाऱ्याला त्यांनी दोनदा बजावलं होतं," ती म्हणाली. "मी शेजारीच उभी होते. चिडलेसुद्धा होते त्याच्यावर. आणि तू चाळीस वर्षांनी त्यांना शोधून काढलंस?"

"अगं, पण नाव कुठे घातलंय? नुसता रंग दिलाय."

"बावीस जण टोप्या घालून बसलेत आणि ह्यांना एकट्याला तू फेटा बांधलास. अवघडून गेले असते रे. उठून बाहेर गेले असते." तिनं चष्मा काढला. "बाकीच्या बावीस जणांचीही घरी कुणीतरी असतील की."

आमच्या आईनं धबधब्यासारख्या वरून खाली कोसळणाऱ्या नियमांचा अभ्यास केलेला नाही. पण उद्गारचिन्हासकट 'इंपॉर्टंट' कसं लिहायचं, ते तिला येतं. मी ती ओळ पुसली. मग लाखाची पुसली, पन्नासची पुसली, अकराची पुसली. सगळेच्या सगळे पुन्हा निळे झाले. आता अध्यक्षांना तोंड कसं दाखवायचं, एवढंच उरलं.

उपाय अखेर देहूफाट्यावर मिळाला. तिथे रस्त्याकडेला यात्रेकरूंसाठी गावाचा नकाशा रंगवलेला होता. मंदिर, घाट, पार्किंग, सगळं एका रंगात, आणि एकच ठिपका लाल: 'आपण येथे आहात'. मी तिथे पाच मिनिटं उभा राहिलो. एक रिक्षावाला म्हणाला, "कुठं जायचंय?" मी म्हटलं, "पोचलो."

संपूर्ण नकाशात एकच ठिपका वेगळा, पण त्याचा कुणाला हेवा वाटत नाही. तो ठिपका त्या जागेचा मान वाढवायला लावलेला नाही, बघणाऱ्याची सोय म्हणून लावलेला आहे. रात्री मी वाढप्याला नवा नियम दिला. कुठल्याही देणगीचं पान उघडलं की बाजूला सगळी यादी पुन्हा वाढायची, वाढताना प्रत्येकाचा क्रमांक उघडलेल्या पानाच्या क्रमांकाशी ताडून बघायचा, आणि जो जुळेल त्या एकालाच भगवा शेला. पुढच्या पानावर गेलात की शेला पुढच्याच्या खांद्यावर. रंग न ओळखणाऱ्यासाठी अक्षर ठळक आणि खाली रेघ. पडदा न दिसणाऱ्यासाठी, यंत्र यादी वाचून दाखवताना त्या नावापाशी 'सध्याचं पान' असं म्हणेल अशी खूणगाठ. या नियमात एकही विशेषनाम नाही. पुसायला काही नाहीच.

दुसऱ्या दिवशी कारखानदारांनी स्वतःचं पान उघडलं. त्यांचं एकट्याचं नाव भगवं, ठळक, बाकी सगळी निळी. अध्यक्षांचा फोन आला, "माउली, शेवटी ऐकलंत!" नव्याण्णव हजारवाल्यांनी आपलं पान उघडलं, तेही खूष. चहावाला परत पेढे घेऊन आला, आणि यावेळी पेढा सरळ खाली उतरला. प्रत्येकाला आपलंच नाव वेगळं दिसतं, आणि प्रत्येक जण पहिल्यांदा आपलंच पान उघडतो. हे मी कुणाला सांगितलं नाही. हे खोटं बोलणं झालं का, यावर मी विचार केला. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, याला बँकेत तरी खोटं म्हणत नाहीत.

राहता राहिला अध्यक्षांचा अश्व. ज्येष्ठ वद्य अष्टमीला प्रस्थान. त्या दिवशी गर्दीत चेंगरत मीही देऊळवाड्याच्या बाजूला उभा होतो. बेळगावकडच्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व येतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसरा माउलींचा, त्याच्यावर कुणी बसत नाही. इतक्या वर्षांत हे मी शंभरदा पाहिलेलं. पण त्या दिवशी लक्षात आलं की एवढ्या लाखोंच्या मेळ्यात सगळ्यांनी मिळून ज्या एकाला वेगळं केलंय, त्याची पाठ मोकळी आहे. शेला आहे, झूल आहे, आणि बसायच्या जागेवर कुणीच नाही. तिथे जर एखाद्या विश्वस्ताला बसवलं असतं, तर लोकांनी टापेखालची माती कपाळाला लावली नसती, हात झटकले असते. अध्यक्षांना हे सांगायला मी वळलो, पण ते टाळ घेऊन नाचत होते, आणि त्यांच्या डाव्या हाताला चहावाला होता. दोघांची टोपी एकसारखी तिरपी झाली होती. म्हटलं, असू दे.

कधीतरी रात्री मी धर्मशाळेची यादी उघडतो आणि तेवीस भाविकांतल्या कुठल्याही एकावर बोट ठेवतो. तो भगवा होतो. पुढच्यावर जातो, आधीचा निळा होतो आणि हा भगवा. एकेकाला भेटून पुढे जायचं, दिंडीतल्यासारखं. त्यांत बाबाही कधीतरी भेटून जातात. नेमके केव्हा ते कळू नये म्हणून पावतीचा क्रमांक विसरायचा मी प्रयत्न चालवला आहे. पण आकडा विसरणं बँकेतल्या माणसाला जड जातं.